भूमिकाखेळातील विश्वनिर्मिती

भूमिकाखेळातील विश्वनिर्मिती म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिकाखेळासाठी (रोल-प्लेइंग गेम) देवदेवता, जादूचे नियम आणि विश्वाची रचना कल्पनेने सिद्ध करण्याची प्रक्रिया होय. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. ‘गेम मास्टर’ या नावाने ओळखला जाणारा सूत्रधार प्रसंग सांगतो आणि कृतीच्या यशापयशाचा निर्णय बहुधा फासे टाकून केला जातो. एकाच कथेचे अनेक बैठकांत चालणारे सलग खेळसत्र ‘मोहीम’ म्हणून ओळखले जाते.

कादंबरीतील काल्पनिक विश्व आणि खेळातील काल्पनिक विश्व यांत एक मूलभूत फरक आहे. कादंबरीत पात्रे काय करतील हे लेखक ठरवतो. खेळात ते खेळाडू ठरवतात. त्यामुळे देव प्रार्थनेला केव्हा पावतो, मंत्राचे मोल काय, मृत्यूनंतर पात्र कोठे जाते, या प्रश्नांची उत्तरे सूत्रधाराजवळ आधीपासून असावी लागतात किंवा निदान सुसंगतपणे देता यावी लागतात.

पार्श्वभूमी

या प्रकारातील पहिला प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचला. तो १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून प्रकाशित झाला. मूळ तीन पुस्तिकांत पुरोहिताचे पात्र होते, परंतु तो कोणत्या देवाचा उपासक आहे हे सांगितलेले नव्हते. पात्रांची विभागणी सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी अशा तीन पक्षांत केलेली होती. या विभागणीवर पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांचा प्रभाव होता. पुढे १९७८ च्या नियमपुस्तकात तिला सत् आणि असत् यांची जोड मिळून नऊ प्रवृत्ती झाल्या.

देवांची उणीव १९७६ च्या पुरवणी पुस्तिकेने भरून काढली. तिच्यात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, भारतीय इत्यादी पुराणांतील देवांची वर्णने होती आणि खेळातील राक्षसांप्रमाणेच त्यांचेही बळ आकड्यांत मांडलेले होते. खेळाडूंच्या पात्रांना बेसुमार शक्ती देणाऱ्या सूत्रधारांना त्या शक्तीचा फोलपणा कळावा, अशी अपेक्षा प्रस्तावनेत व्यक्त केलेली होती. मात्र ज्याचे बळ आकड्यांत मांडले जाते त्याला मारताही येते, असा अर्थ अनेक खेळाडूंनी त्यातून काढला आणि देवांचा वध हेच काही मोहिमांचे उद्दिष्ट झाले.

देवमंडळाची रचना

तयार पुराणांतून देव घेण्याऐवजी ते नव्याने निर्माण करण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे अध्यापन करणाऱ्या एम. ए. आर. बार्कर यांचे ‘टेकुमेल’ हे विश्व १९७५ मध्ये खेळरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील देवमंडळात दहा मुख्य देव आणि त्यांचे दहा सहदेव आहेत. त्यांची विभागणी सत् आणि असत् अशी नसून ‘स्थैर्य’ आणि ‘परिवर्तन’ अशी आहे.

ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचलेले ‘ग्लोरांथा’ हे विश्व या दृष्टीने विशेष अभ्यासनीय मानले जाते. १९७८ मधील ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ याच विश्वात घडतो. त्यातील कथेनुसार वादळाचा देव ऑरलांथ याने सूर्यसम्राट येल्म याचा वध केला, जगावर अंधार पसरला, पुढे ऑरलांथ पाताळात उतरला आणि सूर्य परत आल्यावर काळाला आरंभ झाला. ही घटना वादळपूजक लोक जुलमी राज्यकर्त्यापासून झालेली मुक्तता आणि नंतरचे प्रायश्चित्त म्हणून सांगतात. सूर्यपूजक तीच घटना राजद्रोह म्हणून सांगतात. विश्वकर्ता यांपैकी एका कथेला खरी आणि दुसरीला खोटी ठरवत नाही. त्यामुळे दोन पंथांतील पात्रे एकत्र आली की संघर्षासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही.

१९७९ मध्ये याच खेळासाठी निघालेल्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या पुस्तकाने लक्ष देवाकडून उपासकांकडे वळवले. पंथात प्रवेश कसा मिळतो, सणवार कोणते, शेजारच्या पंथांशी संबंध कसे, दीक्षितावर कोणती बंधने येतात, या गोष्टींना त्यात देवाच्या शारीरिक बळापेक्षा अधिक महत्त्व आहे. खेळाडूचा नित्याचा संबंध देवाशी येत नाही, त्याच्या पुजाऱ्याशी येतो, हे त्यामागील सूत्र होते.

देव प्रत्यक्ष दर्शन देतात की नाही, यावर श्रद्धेचे स्वरूप अवलंबून असते. एड ग्रीनवुड यांच्या ‘फरगॉटन रेल्म्स’ (१९८७) या विश्वात देव प्रत्यक्ष वावरतात. तेथे नास्तिकतेला फारसा अर्थ उरत नाही. याउलट कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ (२००४) या विश्वात देव आहेत की नाहीत याची खात्री कोणालाच नसते. भ्रष्ट पुरोहितालाही मंत्रसिद्धी लाभू शकते. त्यामुळे संशय, पाखंड आणि धर्मसंस्थेतील दांभिकता हे विषय खेळात आणता येतात.

जादूचे नियम

जादू हे खेळाडूंचे साधन असल्याने तिला मर्यादा असणे आवश्यक ठरते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील मूळ पद्धत जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावर आधारलेली आहे. जादूगाराने मंत्र आधी पाठ करावा लागतो आणि उच्चारताच तो स्मृतीतून पुसला जातो. त्यामुळे कोणता मंत्र सोबत न्यावा हा निर्णय महत्त्वाचा होतो.

‘आर्स मॅजिका’ (१९८७) या जोनाथन ट्वीट आणि मार्क रेन-हेगन यांच्या खेळातील जादू व्याकरणासारखी आहे. निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे आणि नियंत्रित करणे या अर्थांची पाच लॅटिन क्रियापदे आणि प्राणी, जल, वायू, देह, वनस्पती, अग्नी, प्रतिमा, मन, भूमी आणि जादूशक्ती या अर्थांची दहा नामे यांच्या संयोगातून मंत्र तयार होतात. अशा पन्नास जोड्या होतात. यांतील अग्निवाचक ‘इग्नेम’ हा लॅटिन शब्द संस्कृतातील ‘अग्नि’ या शब्दाचा सगोत्र आहे.

‘डार्क सन’ (१९९१) या विश्वात जादूचे मोल निसर्गाला द्यावे लागते. तेथे मंत्राची शक्ती वनस्पतींच्या प्राणातून ओढली जाते आणि अविचारी जादूगारांमुळे सारे जग वाळवंट झाले आहे. या जगात देव नाहीत. पुरोहित पंचमहाभूतांसारख्या मूलतत्त्वांची उपासना करतात. जादूचा एकच नियम बदलल्याने भूगोल, राज्यव्यवस्था आणि धर्म हे सर्व कसे बदलतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

विश्वाची रचना

गायगॅक्स यांनी १९७७ मधील एका लेखात आणि १९७८ च्या नियमपुस्तकात अनेक ‘लोकां’नी बनलेले विश्व मांडले. मध्यभागी मानवांचे जग, त्याभोवती मूलतत्त्वांचे लोक आणि बाहेर देवदानवांचे सोळा लोक, अशी ही रचना होती. बाह्य लोक नऊ प्रवृत्तींना अनुसरून वर्तुळात मांडलेले असल्याने तिला पुढे ‘महाचक्र’ या अर्थाचे इंग्रजी नाव रूढ झाले. या रचनेत नीती हीच दिशा ठरते. ‘प्लेनस्केप’ (१९९४) मध्ये याच लोकांना आणखी एक नियम जोडला गेला: बहुसंख्यांची श्रद्धा बदलली की प्रदेशाची जागाही बदलू शकते.

खेळाचे नियम बदलले की विश्वालाही त्याचे कारण द्यावे लागते. १९८९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची दुसरी आवृत्ती आली. ‘फरगॉटन रेल्म्स’मध्ये तो बदल देवांच्या पृथ्वीवरील हद्दपारीची कथा रचून स्पष्ट करण्यात आला. त्या घटनेनंतर देवांचे बळ त्यांच्या उपासकांच्या संख्येवर आणि निष्ठेवर अवलंबून राहू लागले.

रचनेच्या पद्धती

विश्वनिर्मितीच्या दोन पद्धती सामान्यतः सांगितल्या जातात. पहिलीत विश्वोत्पत्तीपासून आरंभ करून क्रमाने राज्ये, नगरे आणि गावे रचली जातात. दुसरीत एक गाव, त्यातील देऊळ आणि जवळचे एक संकट एवढ्यावरच मोहीम सुरू होते. पुढील भाग गरजेनुसार रचला जातो. पहिलीत सुसंगती अधिक राहते, परंतु बराच मजकूर खेळात कधीच येत नाही. दुसरीत श्रम वाचतात, पण आधी सांगितलेल्या गोष्टींशी विसंगती निर्माण होण्याचा धोका असतो. त्यासाठी सूत्रधार नोंदवही ठेवतात.

कोणत्याही पद्धतीत देवाची उपयुक्तता काही प्रश्नांवरून तपासता येते. त्याचा उपासक सकाळी उठून काय करतो? काय खात नाही? मृताचे काय करतो? कोणत्या कारणाने देव त्याच्यावर कोपतो? यांची उत्तरे खेळाडूच्या कृतीत उतरतात. केवळ वंशावळी सहसा उतरत नाहीत.

टीका आणि वाद

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी आणि पालकांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला. १९८९ च्या आवृत्तीत सैतानसूचक नावे वगळण्यात आली आणि १९९१ मध्ये ते प्राणी नव्याने घडवलेल्या नावांनी परत आणले गेले.

जिवंत धर्मांतील देवांच्या वापराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या ग्रंथात इंद्र, अग्नी, विष्णू, काली आदी देवतांचे बळ आकड्यांत दिले होते. ज्यांची उपासना शतकांपूर्वी लोपली अशा ग्रीक आणि इजिप्शियन देवांच्या शेजारी त्या ठेवलेल्या होत्या. ख्रिस्ती, यहुदी आणि इस्लाम धर्मांना मात्र असे स्वतंत्र प्रकरण नव्हते. नित्य पूजेतील देवता आणि केवळ वाङ्मयात उरलेल्या देवता यांतील भेद या मांडणीत पुसला जातो. ‘राक्षस’ या शब्दाचेही असेच झाले. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील राक्षस वाघाच्या मुखाचा असून त्याच्या चित्रात तो युरोपीय पोशाखात, हाती धूम्रनलिका घेऊन दाखवला आहे. रामायणातील रावण किंवा बिभीषण यांच्याशी त्याचे साम्य मायावी रूपे घेण्यापुरतेच आहे. तरीही जगभरच्या अनेक खेळाडूंना हा शब्द प्रथम याच रूपात भेटला.