बीज गोठवले, जोडीदाराचे काय?

‘ब्लूमबर्ग बिझनेसवीक’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या एप्रिल २०१४ मधल्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर ब्रिजिट अ‍ॅडम्स झळकली होती. स्त्रीबीजे गोठवा आणि करिअर करायला मोकळ्या व्हा, असा मथळ्याचा मथितार्थ. त्याच वर्षी बातमी आली की फेसबुक आणि अ‍ॅपल आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बीजे गोठवण्यासाठी २० हजार डॉलरपर्यंत खर्च देणार. बढतीसाठी मूल लांबणीवर टाकणारी बाई, हे चित्र तेव्हा लोकांच्या मनात पक्के बसले. आपल्याकडेही एग फ्रीजिंगचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, ‘आजकालच्या मुलींना करिअर महत्त्वाचे.’

हे चित्र बहुतांशी चुकीचे आहे. येल विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ मार्शा इनहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय कारण नसताना बीजे गोठवून घेतलेल्या १५० स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. ११४ अमेरिकेतल्या, ३६ इस्रायलमधल्या. त्यातल्या ८५ टक्के स्त्रियांना त्या वेळी जोडीदारच नव्हता. कुणाचे जमतच नव्हते, कुणाचा घटस्फोट नुकताच झाला होता किंवा चालू होता, कुणाचे अनेक वर्षांचे नाते तुटले होते. उरलेल्या १५ टक्क्यांना जोडीदार होता, पण नाते अगदी नवे होते, किंवा तो ‘अजून तयारी नाही’ म्हणत होता, किंवा त्याला मूल नकोच होते. संशोधकांनी या निर्णयापर्यंत येणाऱ्या दहा वाटा नोंदवल्या. करिअरचे नियोजन म्हणून आलेल्या स्त्रिया त्यात सर्वांत कमी होत्या. या स्त्रियांची करिअर बहुधा आधीच मार्गी लागलेली होती. अडले होते ते जोडीदारापाशी.

इनहॉर्न यांनी २०२३ च्या ‘मदरहुड ऑन आइस’ या पुस्तकात याचे मूळ लोकसंख्येत शोधले आहे. अमेरिकेत गेली काही दशके मुलांपेक्षा मुली जास्त संख्येने पदवीधर होत आहेत. आपल्या बरोबरीचा शिकलेला, बांधून घ्यायला तयार असलेला पुरुष शोधणाऱ्या स्त्रियांना तो पुरेशा संख्येने उपलब्धच नाही. ‘मुलगी फार शिकली की स्थळ मिळत नाही’ हे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारे वाक्य आता येलचे प्राध्यापकही आकडेवारीसह म्हणू लागले आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे यात दोष मुलीच्या शिक्षणाला दिला जातो.

पण इतकी घाई कशाची? पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीचा साठा मात्र जन्माआधीच ठरतो. आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना मुलीच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात. सगळ्या आयुष्यात परिपक्व होऊन बाहेर पडतात ती चारशेच्या आसपास. बाकीची आपोआप नष्ट होतात, मग बाई गोळ्या घेवो, बाळंत होवो की काहीच न करो.

संख्येपेक्षा गंभीर प्रश्न दर्जाचा आहे. प्रत्येक बीजातले गुणसूत्रांचे विभाजन मुलीच्या जन्माआधी सुरू होते आणि मध्येच थांबते. ते पुढे सरकते थेट बीज बाहेर पडण्याच्या वेळी, आणि पुरे होते फलनानंतर. म्हणजे ३८ वर्षांच्या स्त्रीच्या बीजातली गुणसूत्रे ३८ वर्षे अर्धवट अवस्थेत एकमेकांना धरून असतात. त्यांना बांधून ठेवणारी प्रथिने जुन्या शिवणीच्या दोऱ्यासारखी विरत जातात. मग विभाजनाच्या वेळी एखादे गुणसूत्र भलतीकडे जाते. असा गर्भ बहुतेकदा रुजत नाही किंवा पडतो. पस्तिशीनंतर हे प्रमाण झपाट्याने वाढते. गर्भाशयाचे तसे नसते. तरुण बीज मिळाले तर चाळिशीतले गर्भाशयही गर्भ वाढवू शकते. एग फ्रीजिंगचा सगळा डाव या एका फरकावर उभा आहे.

तांत्रिकदृष्ट्या हा डाव साधणे फार अवघड होते. स्त्रीबीज ही मानवी शरीरातली सर्वांत मोठी पेशी, सुमारे एक दशांश मिलिमीटर, आणि आत पाणीच पाणी. सावकाश गोठवले की बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. गोठवलेल्या बीजापासून पहिली गर्भधारणा झाल्याचे ख्रिस्तोफर चेन यांनी ऑस्ट्रेलियातून १९८६ मध्ये जाहीर केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हर्षाचा जन्म झाला तोही याच वर्षी. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेल्या गर्भापासून मूल जन्मल्याचे सांगितले, तेव्हा सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. शीतकरणाच्या इतिहासातले हे पान आपल्याकडे लाजेनेच वाचावे लागते.

चेन यांच्या यशाची पुनरावृत्ती करणे पुढे अनेक वर्षे जिकिरीचे राहिले. खरा बदल घडला ‘व्हिट्रिफिकेशन’मुळे. यात बीजातले पाणी काढून संरक्षक द्रव भरतात आणि ते एका क्षणात उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, पेशी काचेसारखी घट्ट होते. जपानचे मासाशिगे कुवायामा यांनी या पद्धतीला रोजच्या वापरातले रूप दिले. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यकाच्या संघटनेने ऑक्टोबर २०१२ मध्ये या उपचारावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला आणि बाजार खुला झाला.

प्रत्यक्ष उपचार असा: दहा-बारा दिवस रोज पोटावर संप्रेरकांची इंजेक्शने, बहुधा स्वतःच टोचलेली. एरवी महिन्याला एक बीज पिकते, इथे एकदम दहा-पंधरा पिकवायची असतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी. पोट फुगते, मनःस्थिती वरखाली होते. शेवटचे इंजेक्शन दिल्यावर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजे काढतात. क्वचित बीजकोश अति उत्तेजित होऊन पोटात पाणी साठते, तेव्हा रुग्णालयात राहावे लागते. इनहॉर्न यांच्या मुलाखतींत मात्र सुईपेक्षा जास्त बोलणे झाले ते प्रतीक्षालयाबद्दल. वंध्यत्वाच्या दवाखान्यात सगळीकडे जोडपी. फॉर्मवर पतीच्या नावाचा रकाना. तिथे एकटीने बसणे अनेकींना फार बोचले.

एवढे सोसून हातात काय पडते? बॉस्टनच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार २० परिपक्व बीजे गोठवली तर निदान एक मूल होण्याची शक्यता ३४ व्या वर्षी ९० टक्के, ३७ व्या वर्षी ७५ आणि ४२ व्या वर्षी ३७ टक्के. हे झाले कागदावरचे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केंद्राने २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभव प्रसिद्ध केला. तिथे बीजे वापरायला परत आलेल्या ५४३ जणींचे गोठवतानाचे सरासरी वय होते ३८. त्यात मूल होण्याचे प्रमाण एकूण ३९ टक्के निघाले. अडतिशीच्या आत गोठवणाऱ्यांत ते ५१ टक्के होते, आणि त्यातही ज्यांनी किमान वीस बीजे वापरली त्यांच्यात ७० टक्के.

मुखपृष्ठावरच्या ब्रिजिट अ‍ॅडम्सने ३९ व्या वर्षी ११ बीजे गोठवली होती. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर ती बाहेर काढली तेव्हा दोन टिकली नाहीत, तीन बीजांचे फलन झाले नाही. सहा गर्भ तयार झाले, त्यातले पाच सदोष. उरलेला एक गर्भाशयात सोडला, पण तेही साधले नाही. तिने हे सारे जाहीरपणे सांगितले, हे तिचे मोठेपण. जाहिराती करणारे इतके मोकळेपणाने बोलत नाहीत.

तरीही या स्त्रिया फसल्या, असे म्हणणे मला पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत २०१ जणींची पाहणी झाली. जवळपास निम्म्या जणींना थोडाफार पश्चात्ताप होता, मुख्यतः जिथे बीजे कमी निघाली किंवा आधी माहिती पुरेशी दिली गेली नव्हती तिथे. पण ८९ टक्के जणी म्हणाल्या, बीजे कधीच वापरली नाहीत तरी गोठवल्याचा आनंदच वाटेल. काही झाले तरी आपण हातावर हात धरून बसलो नाही, हे समाधान त्यांना विकत मिळाले होते. वापरायला परत येणाऱ्या थोड्याच असतात, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

भारतात जानेवारी २०२२ पासून सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू आहे. त्यानुसार २१ ते ५० या वयातली अविवाहित स्त्रीही हा उपचार घेऊ शकते, पुढे दात्याचे शुक्रजंतूही वापरू शकते. साठवणीची मुदत मात्र साधारण १० वर्षांची धरली जाते. ब्रिटनने तीच मर्यादा जुलै २०२२ मध्ये ५५ वर्षांवर नेली. सरोगसीचे दार अविवाहितेला बंदच आहे, ते फक्त विधवा आणि घटस्फोटितांना उघडते. माजी मिस वर्ल्ड डायना हेडन यांनी मुंबईत काही वर्षे आधी गोठवलेल्या बीजापासून जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी मुलीला जन्म दिला. कामाचा व्याप होताच, पण प्रेमात पडून लग्न केल्याशिवाय मूल नको हे त्याहून मोठे कारण होते, असे त्यांनीही सांगितले आहे.

विचार करत असाल तर पस्तिशीच्या आत करा. दवाखान्यात ‘सक्सेस रेट’ किती असे मोघम विचारू नका. तुमच्या वयाच्या किती स्त्रियांनी इथे गोठवलेली बीजे परत वापरली आणि त्यातल्या किती जणींना मूल झाले, हे विचारा. उत्तर देता आले नाही तर दुसरा दवाखाना गाठा.