पट्टा नातवाला, लाठी आजोबांना?

सिडकोतील एका वाचकांचे पत्र गेल्या आठवड्यात आले. पत्रात दोन प्रश्न एकदम विचारले आहेत. त्यांचा बारा वर्षांचा नातू मर्दानी खेळांच्या वर्गाला जातो. येत्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्याला दांडपट्टा फिरवायचा आहे आणि त्यासाठी घरचा पट्टा हवा, असा त्याने हट्ट धरला आहे. तो घेऊन द्यावा का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न आजोबांचा स्वतःचा. वय ६२, दहा वर्षांपासून मधुमेह, आणि गेले चार महिने उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. सदरा घालताना डोळ्यांत पाणी येते. नातवाची लाठी आपणच फिरवली तर खांदा सुटेल काय, असे ते विचारतात.

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोघांची उत्तरे बरीचशी लाठीपाशीच येतात. परंतु ती का येतात हे समजून घ्यायला शस्त्र हातात धरल्यावर शरीराचे काय होते ते आधी पाहावे लागेल.

आपल्या नाशिकला शस्त्रांचा व्यायाम काही नवा नाही. १९३७ साली येथे भोसला सैनिकी शाळा सुरू करणारे डॉ. बा. शि. मुंजे हे पेशाने नेत्रवैद्य होते. डोळ्यांचा हा संदर्भ पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. आपल्या जिल्ह्याची देवी वणीची सप्तशृंगी. तिच्या अठरा हातांत आयुधे आहेत. गंमत अशी, की चिनी युद्धकलेतही परंपरेने शस्त्रे अठराच मोजतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, आणि तेव्हापासून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांच्या तोंडी पट्ट्याचे नाव जास्तच येऊ लागले आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. मात्र अभिमान मनाला होतो आणि वजन खांद्याला पेलावे लागते.

खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. उखळ उथळ आणि हाडाचा गोळा मोठा, अशी त्याची रचना असते. त्यामुळे हात सर्व दिशांनी फिरतो, पण सांध्याला आधार हाडांचा कमी आणि स्नायूंचा जास्त असतो. गोळ्याला चारही बाजूंनी धरून ठेवणारे चार लहान स्नायू आहेत. त्यांच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात. आता हात आडवा सरळ करून तळहातावर एक किलोचे माप ठेवा. ते सांध्यापासून साधारण साठ सेंटीमीटरवर असते, तर हात उचलून धरणाऱ्या स्नायूंची ओढ सांध्यापासून जेमतेम तीन ते पाच सेंटीमीटरवर लागते. ही तरफ आहे. हिशेब केला तर त्या एका किलोसाठी स्नायूंना बारा ते वीस किलोंच्या आसपास ताकद लावावी लागते, आणि हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. शस्त्र लांब असेल तर वजन आणखी दूर जाते. ते फिरवायला लागलो की त्यात वेगाची भर पडते. म्हणूनच दुकानात हातात घेतल्यावर हलके वाटलेले शस्त्र दहा मिनिटांत खांदा भरून आणते.

मुद्गल आणि जोडी यांचा व्यायाम याच तत्त्वावर उभा आहे. लाकडाचे वजन टोकाला ठेवून तो भार खांद्याभोवती सावकाश फिरवायचा. इंग्रजांनी हा प्रकार आपल्या आखाड्यांतून उचलला, हलका करून शाळांत नेला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच झाली. लेझीमही मूळची आखाड्यातील. धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी आणि चकत्या लावून ते ओढायचे, म्हणजे छाती आणि पाठ भरते. शाळेच्या कवायतीत आपण जी हलकी लेझीम खेळलो ती तिचीच नात म्हणायची. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली होती. या साधनांकडे केवळ मिरवणुकीची शोभा म्हणून पाहू नये, हे सांगण्यासाठीच हा इतिहास.

आता पट्ट्याकडे येऊ. तलवार मुठीत धरतात, मनगट मोकळे असते आणि वाराचा धक्का मनगट, कोपर व खांदा मिळून वाटून घेतात. पट्ट्यात हात लोखंडी खोबळ्यात, म्हणजे हाताच्या पुढच्या भागावर चढणाऱ्या आवरणात जातो. आतली आडवी मूठ धरली की मनगट जवळजवळ जखडते आणि लांबलचक लवचिक पाते हाताचाच पुढचा भाग बनते. मनगटाचे काम बंद झाले म्हणजे ते वरच्या सांध्यांवर येते. पट्टा फिरवणारा वाकबगार खेळाडू नीट पाहा. त्याचा हात फिरताना दिसतो, पण जोर येतो पायांतून, कमरेतून आणि पाठीतून; खांदा फक्त तो पुढे पोहोचवतो. नवशिका मात्र सगळे काम एकट्या खांद्याकडून करून घेतो. मग रोटेटर कफला सूज येते, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते आणि पालक मुलाला घेऊन माझ्याकडे येतात.

बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा थर असतो. हाड लांबीला वाढते ते तेथून. मुलींमध्ये हे थर थोडे आधी आणि मुलांमध्ये साधारण चौदा ते सतरा या वयात मनगट-कोपराजवळ भरून येऊ लागतात. तोपर्यंत हाडाचा तो भाग भोवतीच्या स्नायुबंधांपेक्षा कच्चा असतो. मोठ्या माणसाचा जेथे स्नायू दुखावेल, तेथे मुलाचा हा वाढीचा थर दुखावू शकतो. एखाद्या दिवसाच्या खेळाने असे होत नाही. मिरवणुकीच्या आधी तीन आठवडे रोज दोन-दोन तास तोच फेरा, त्याच हाताने, जड शस्त्राने केला तर होते. मुलगा मनगट दाबून धरत असेल, रात्री दुखते म्हणत असेल, किंवा कोपर पुरते सरळ होत नसेल, तर सराव थांबवून तपासणी करून घ्यावी. "जोर वाढतोय, म्हणून दुखतंय" हे वाक्य मी अनेक पालकांच्या तोंडून ऐकले आहे. मुलाच्या सांध्यातील दुखण्याला ते लागू नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: या वर्षी पट्टा घेऊ नये. जुन्या आखाड्यांतही साधारणपणे आधी लाठी, मग बनेटी, मग फरी-गदगा आणि त्यानंतर पट्टा अशी चढण असे. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातडे चढवलेला दांडका. त्याने वार, अडवणूक आणि पवित्रा शिकायचा, चूक झाली तरी वळ उठण्यावर निभावते. या क्रमात शिस्त होती तशी शरीरशास्त्राची जाणही होती, असे मला वाटते. प्रत्येक पायरीला वजन थोडे पुढे सरकते, आणि तोपर्यंत पाय व पाठ तयार झालेले असतात. नातवाच्या वस्तादांना विचारावे. चांगला वस्ताद हट्टाला बळी पडणार नाही आणि वर्षभर लाठीच फिरवायला लावील. मिरवणुकीत लाठीचा खेळ काही कमी दिसत नाही.

डोळ्यांचे मात्र बजावून सांगतो. मिरवणुकीत रस्ता अरुंद, ढोलांचा आवाज, पुढे बघे, आणि बघ्यांच्या खांद्यावर लहान मुले. पात्याला धार नसली म्हणून टोक डोळ्यात जात नाही असे नाही. साध्या बांबूची फुटकी चिरफळीही पुरते. खेळाच्या रिंगणापासून शस्त्राच्या लांबीच्या तिप्पट अंतर मोकळे हवे आणि त्यासाठी दोरी धरून दोन माणसे उभी करावीत. डोळ्याला लागले तर चोळू नये, पाणी मारू नये, डोळ्यावर दाब न देता वाटीसारखे काही झाकण धरून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

जाता जाता ननचाकूबद्दल. १९७३ मध्ये ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला आणि साखळीने जोडलेले हे दोन दांडके गल्लोगल्ली पोहोचले. अजूनही कराटेच्या वर्गातील मुले ते घरी आरशासमोर फिरवतात. मोकळे टोक कोठे परतेल याचा अंदाज यायला फार सराव लागतो, तोवर ते कोपरावर, गुडघ्यावर किंवा कपाळावर परतते. व्यायाम म्हणून त्यात असे काही नाही, जे लाठीत मिळत नाही.

चिनी लोकांचेही लाठीबद्दल काहीसे असेच मत आहे. त्यांच्या वुशूच्या शिक्षणात लाठी, एकधारी रुंद तलवार, भाला आणि सरळ दुधारी तलवार ही चार शस्त्रे मुख्य मानतात. त्यांत लाठीला सर्व शस्त्रांचे आजोबा म्हणण्याची परंपरा आहे, आणि शिकणारा बहुधा तिच्यापासूनच सुरुवात करतो. कारण उघड आहे. लाठी दोन्ही हातांनी धरता येते, भार दोन खांद्यांत वाटला जातो, डावी-उजवी बाजू सारखी चालते, आणि हात सरकवून वजन हवे तेवढे जवळ घेता येते. पट्ट्यात ही सोय नाही.

आता आजोबांकडे वळतो. त्यांनी वर्णन केलेले दुखणे फ्रोझन शोल्डरचे असावे, पण तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. या आजारात सांध्याभोवतीची पिशवी सुजते, जाड होते आणि आकसते. चाळीस ते साठ वयाच्या सुमारास आणि मधुमेहींमध्ये याचे प्रमाण जास्त असते. १९३४ साली अमेरिकेतील डॉ. कॉडमन यांनी त्याला हे नाव दिले. बायकांना वेणी घालता येत नाही, पुरुषांना मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही, गंगेवर आंघोळीला गेल्यावर पाठ चोळता येत नाही. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळे मिळून वर्ष ते तीन वर्षे लागू शकतात. मधुमेह ताब्यात नसेल तर रेंगाळते.

या खांद्याने लाठी गरगर फिरवू नये. पिशवी आकसलेली असताना झटका दिला तर दुखणे वाढते आणि माणूस घाबरून हात पोटाशी धरून बसतो, त्याने सांधा आणखी आखडतो. पण त्याच लाठीचा दुसरा उपयोग आहे, आणि फिजिओथेरपिस्ट तो रोज करतात. शेकून घेतल्यावर उताणे झोपावे, दोन्ही हातांनी हलकी काठी धरावी आणि चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याकडे न्यावा. ओढ जाणवेल तेथे दहा आकडे थांबावे, मग परत आणावे. असे दहा वेळा. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कोपरे अंगाला चिकटवून काठी पोटासमोर आडवी धरावी आणि चांगल्या हाताने ढकलत दुखऱ्या हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला न्यावा. सर्वांत आधी अडते ते हेच वळण, म्हणून यात आळस नको. तिसऱ्यात काठी पाठीमागे दोन्ही हातांत धरून हळू वर सरकवावी. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. व्यायामानंतर थोडे दुखणे चालेल. तास-दोन तासांनीही ठणकत असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. रात्री झोप लागू न देणाऱ्या पहिल्या काळात ताणण्यापेक्षा पुढे वाकून हात लोलकासारखा झुलवणे बरे.

हात मोकळा झाला की मग लाठीच्या साध्या पवित्र्यांना हरकत नाही. म्हातारपणी त्यांचा फायदा खांद्यापेक्षा पायांना अधिक. चारही दिशांना पाऊल टाकणे, गुडघे किंचित वाकवून वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, नजर समोर ठेवून कंबर वळवणे, यांनी तोल सुधारतो. चिनी ताई ची या संथ व्यायामाने वृद्धांचे पडणे कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि त्यातही मुख्य काम वजन सावकाश बदलण्याचेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या रस्त्यावर लाठी फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवार साऱ्या देशाने पाहिल्या. त्यांचा हात लहानपणापासूनचा आहे, हे विसरून साठीत पहिल्या दिवशी त्यांची नक्कल करू नये. सुरुवात भिंतीजवळ, अनवाणी किंवा घट्ट चपलेने, पाच मिनिटांची असावी. मधुमेहींच्या तळपायाची संवेदना कमी असेल तर अनवाणी नको. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी श्वास रोखून वार करू नयेत. मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

काठी विकत घेताना ती सरळ, भरीव आणि गाठी घासून गुळगुळीत केलेली पाहावी. लहान मुलाला ती त्याच्या खांद्याएवढी उंच असावी, मोठ्यांना कानापर्यंत चालेल. चीर पडलेली काठी सुतळी गुंडाळून वापरू नये, टाकून द्यावी. आणि चालताना किंवा जिना चढताना डावा खांदा भरून येत असेल, थांबल्यावर ओसरत असेल, दम लागत असेल किंवा घाम फुटत असेल, तर काठी कोपऱ्यात ठेवून त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्यावी.