इमॅक्स आणि हॅस्केल : एडिटर आपल्या हातास बसविणें

छापखान्यांत खिळे जुळविणारा कामगार कामास उभा राहण्यापूर्वीं आपली केस लावून घेत असे. जीं अक्षरें वारंवार लागत तीं हाताजवळ, जीं क्वचित् लागत तीं दूर. संगणकावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची केस म्हणजे त्याचा एडिटर होय. आणि तीहि लावून घ्यावी लागते, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें.

असा लावून घेतां येणारा एडिटर म्हणजे इमॅक्स. त्याचा प्रारंभ १९७६ सालीं अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांच्या हातून झाला. हल्लीं प्रचारांत असलेला ग्नू इमॅक्स १९८५ पासूनचा. त्याचा मोठा भाग लिस्प भाषेच्या एका बोलींत लिहिलेला असून तो वापरणाऱ्यास उघडा आहे. यास्तव कोणत्या कळीनें काय व्हावें हें वापरणारा स्वतः ठरवूं शकतो. पालकांस सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यासाठीं एक पैहि मोजावी लागत नाहीं.

आतां हॅस्केल भाषेविषयीं. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचें नांव धारण करणारी ही भाषा १९९० सालीं प्रसिद्ध झाली. हिच्यांत प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी नव्हे, तर फलनांची रचना. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचें अंतर दिलें असतां भाडें सांगणारें फलन सकाळीं विचारा कीं रात्रीं, तेंच उत्तर देईल; दर बदलत असेल तर तो दरहि त्याच्या हातीं उघडपणें द्यावा लागतो.

गेल्या वर्षीं डोंबिवलीहून ठाण्यास येणारा एक विद्यार्थी रडवेला होऊन मजकडे आला. त्यानें दोनच विधानें लिहिलीं होतीं. प्रत्येकानें पडद्यावर एकेक वाक्य छापावयाचें होतें. दोन्ही ओळी डोळ्यांस अगदीं एका रेषेंत दिसत. तरी कंपायलर सांगे कीं, छापण्याचें फलन एकच वस्तु घेतें, तुम्ही तीन दिल्या आहेत. “मीं तीन कोठें दिल्या?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. आपली बुद्धि या विषयास पुरी पडणार नाहीं असें ठरवून तो विषयच सोडण्याच्या बेतांत होता.

दोष बुद्धीचा नव्हता, समासाचा होता. हॅस्केलमध्यें ओळ किती आंत सरकली आहे यावर अर्थ ठरतो. वरच्या ओळीइतकीच आंत असेल तर नवें विधान. अधिक आंत असेल तर वरच्याच विधानाचा पुढील भाग. पहिल्या ओळीपूर्वीं त्यानें चार वेळां स्पेस दाबली होती, दुसरीपूर्वीं एकदां टॅब. त्याच्या घरच्या एडिटरांत टॅब चार घरांचा दिसे; हॅस्केलच्या नियमांत मात्र टॅबचे थांबे आठ-आठ घरांवर आहेत. म्हणून कंपायलरच्या लेखीं दुसरी ओळ पहिलीची शेपटी झाली, आणि पहिलें वाक्य, छापण्याचें फलन व दुसरें वाक्य अशा तीन वस्तु एकाच फलनाच्या पदरांत पडल्या. टॅबविषयीं एक इशाराहि कंपायलरनें दिला होता. पण इशारे कोण वाचतो!

तीच फाइल इमॅक्समध्यें उघडली तेव्हां दुसरी ओळ चार घरें पुढें गेलेली स्पष्ट दिसली, कारण इमॅक्सहि मुळांत टॅब आठ घरांचाच धरतो. पुढचा उपाय एका ओळीचा आहे. इमॅक्सची ‘इनिट’ नांवाची फाइल असते. तींत ‘इंडेंट-टॅब्ज-मोड’ यास ‘निल’, म्हणजे नकार, ही किंमत द्यावी. मग टॅबची कळ दाबली तरी स्पेसच पडतात. जुने टॅब मात्र यानें जात नाहींत. त्यांसाठीं मजकूर निवडून ‘अनटॅबिफाय’ ही आज्ञा द्यावी व ओळी हातानें जुळवाव्या.

त्यानंतर मेल्पा या भांडारांतून ‘हॅस्केल-मोड’ घ्यावा. लिहितां लिहितांच चुका दाखविणारा हॅस्केल लँग्वेज सर्व्हरहि आहे, आणि त्याच्याशीं बोलणारा एग्लॉट २०२३ च्या २९ व्या आवृत्तीपासून इमॅक्सच्या पोटांतच येतो. परंतु हा सर्व्हर मेमरी फार खातो. घरीं जुना संगणक असेल तर माझ्या मतें त्याच्या नादीं लागूं नये, आणि त्यापायीं नवें यंत्र तर मुळींच घेऊं नये. फेरफार एका वेळीं एकच करावा. तो अंगाशीं आला तर उणें चिन्ह व मोठा क्यू जोडून इमॅक्स सुरू करावा. तो इनिट फाइल न वाचतां उघडतो.

टीपा मराठींत लिहावयाच्या असल्यास कंट्रोल व उलटी तिरकी रेघ दाबून ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडावें. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं ठरविलेल्या कळफलकावर ही पद्धति आधारलेली आहे. येथें आमचा डोंबिवलीकर पुन्हां एकदां घाबरला. तपासणीच्या खिडकींत त्यानें ‘कल्याण’ हा शब्द दिला, आणि उत्तरादाखल २३२५, २३५४, २३८१, २३५१, २३६६, २३३९ असे सहा आंकडे आले. क, ल, हलन्ताचें चिन्ह, य, काना आणि ण यांचे हे युनिकोडमधील क्रमांक होत. तोच शब्द छापण्याच्या फलनास दिला तेव्हां पडद्यावर कल्याण उमटलें.