तारेच्या पट्टीवरची अक्षरं कोण उमटवायचं?

पनवेलच्या जुन्या घरांतल्या ट्रंकेत अजून एखादी तार सापडते. फॉर्मवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या आणि त्यांवर इंग्रजीतली मोठी अक्षरं. तारबाबू ‘कड-कट्ट’ ऐकून मजकूर टाइप करायचा आणि कापून चिकटवायचा, असं घरातली मंडळी हमखास सांगतात. छोट्या तार कार्यालयांत मोर्सचा संदेश कानाने ऐकून कागदावर उतरवत, हे खरं. पण ही पट्टी टेलिप्रिंटर स्वतःच छापत असे. माणसाने ती फक्त फाडून फॉर्मवर डकवायची.

‘म्हणजे विजेने टाइप व्हायचं!’ हा पुढचा गैरसमज, आणि तो जास्त चिवट. तारेतून अक्षराचा आकार जात नसे, जायचे ते फक्त पाच स्पंद. त्यातला प्रत्येक एकतर ‘आहे’ किंवा ‘नाही’. नेहमीच्या ५० बॉडच्या यंत्रावर एक स्पंद सेकंदाचा पन्नासावा भाग टिकायचा. पाच स्पंदांच्या ३२ जुळण्या होतात. अक्षरं आणि आकडे त्यांत मावेनात, म्हणून एकाच खुणेचे दोन अर्थ ठरवले होते, एक अक्षराचा आणि एक आकड्याचा.

हे स्पंद एक विद्युतचुंबक ओळखायचा, आणि विजेचं निरोप्याचं काम तिथेच संपायचं. पुढचं सगळं लोखंडाचं. टाइपरायटरसारख्या दांड्या असलेल्या यंत्रात खाचा पाडलेल्या पाच पट्ट्या स्पंदांप्रमाणे इकडे-तिकडे सरकत. एकाच दांडीखाली पाचही खाचा एका रेषेत येत, ती दांडी आत पडे आणि मोटरवर फिरणारा दट्ट्या तिला कागदावर आपटे. ठोक्याचा जोर मोटरचा, लाइनवरच्या क्षीण प्रवाहाचा नव्हे. मला तरी या यंत्राची खरी करामत इथेच दिसते.

दोन्ही टोकांच्या मोटरी तंतोतंत एका चालीने धावत असतील, असंही वाटतं. त्याची गरज नसे. प्रत्येक अक्षराच्या आधी एक ‘सुरुवात’ स्पंद येई, क्लच सुटे, शाफ्ट एक फेरा मारून थांबे. त्यामुळे वेगातली थोडी तफावत पुढच्या अक्षरापर्यंत पोचतच नसे. मोटरचा वेग मात्र गव्हर्नरने काबूत ठेवावा लागे. मेकॅनिक चिरा असलेल्या ट्यूनिंग फोर्कमधून फिरत्या गव्हर्नरवरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांकडे बघायचा. खुणा जागच्या जागी स्थिर दिसल्या की वेग बरोबर, सरकताना दिसल्या की स्क्रू फिरवायचा.

तारेचा मजकूर पाठवायला छिद्रांची कागदी पट्टीही वापरत. ती कॉम्प्युटरबरोबर आली हा समजही खोटा. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत होलेरिथची छिद्रांची कार्डं वापरली गेली, आणि तारेसाठी व्हीटस्टनची पट्टी त्याच्याही आधीची. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास टाइपरायटरसारख्या कळफलकावरून पट्टीला छिद्रं पाडायची सोय केली. कोणत्या अक्षराला किती छिद्रं द्यायची, हे त्यांनी यंत्राची झीज डोळ्यांपुढे ठेवून ठरवलं. इंग्रजीत सतत लागणाऱ्या ‘ई’ आणि ‘टी’ला एकेकच छिद्र! ठोके कमी, म्हणून पंच कमी झिजणार. चूक झाली तर पट्टी मागे घेऊन पाचही छिद्रं पाडायची. ती खूण छापलीच जात नसे. ही पट्टी वाचायला उजेडही लागत नसे. खालून पाच बारीक सुया वर येत आणि जिथे छिद्र असेल तिथून आरपार जात.

देशात टेलिप्रिंटर बनवण्यासाठी १९६० मध्ये मद्रासला हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स ही कंपनी निघाली. १४ जुलै २०१३ ला तारसेवेचा शेवटचा दिवस होता तेव्हा मात्र संदेश कॉम्प्युटरवरूनच जात होते. टेलिप्रिंटरचा खडखडाट शेवटपर्यंत चालला, ही आठवण गोड असली तरी चुकीची आहे.

पनवेल-उरण भागात कुणाकडे असं यंत्र पडून असेल, तर कृपया ते भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. घाईने प्लगही लावू नका. वाळलेलं तेल साफ करा, प्लग काढलेलाच ठेवून मोटरचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवा. एका अक्षरासाठी काय काय हलतं, ते समोर दिसेल.