वादळानंतरचा सागरतळ

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर मॅके नावाचे बंदर आहे. 23 मार्च 1911 रोजी ‘योंगाला’ ही आगबोट तेथून निघून उत्तरेस टाउन्सव्हिलकडे जावयास लागली. बोट निघाल्यावर थोड्याच वेळात पुढे समुद्रात चक्रीवादळ असल्याची तार किनाऱ्यावरील संकेत-ठाण्यात येऊन पोहोचली. परंतु योंगालावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे किनाऱ्यावर आलेली वार्ता बोटीपर्यंत गेलीच नाही. वाटेतील डेंट बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराने तिला जाताना पाहिले. त्यानंतर ती कोणाच्याही दृष्टीस पडली नाही. बोटीवरील सर्व 122 माणसे समुद्रार्पण झाली. पुढे किनाऱ्यास लागले ते थोडे सामान आणि शर्यतीच्या एका घोड्याचे शव.

1958 साली पाणबुड्यांनी तळाशी पडलेल्या एका बोटीतून एक तिजोरी वर काढली. 1961 साली तिजोरीच्या क्रमांकावरून ही बोट योंगालाच असल्याचे निश्चित झाले. सुमारे 30 मीटर खोल वाळूवर कुशीवर कललेल्या या शंभराहून अधिक मीटर लांबीच्या सांगाड्यावर प्रवाळ व स्पंज यांनी वस्ती केली असून त्याभोवती मत्स्यांचे थवे, कासवे व सागरी सर्प वावरतात. पाठीवर दाबयुक्त हवेची टाकी बांधून, अर्थात स्कूबा साधनाने, बुडी मारणारे प्रवासी जगभरातून येथे येतात. बोटीच्या आत शिरण्यास मात्र मनाई आहे. कारण ते एक समाधिस्थान आहे.

वादळाने बुडविलेली ही बोट आजही वादळांच्याच वाटेवर आहे. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा ऋतू मानला जातो. या काळात पाण्याखाली काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे.

लाट किती खोल पोहोचते?

लाट पुढे सरकताना दिसते, पण पाणी तिच्याबरोबर दूरवर जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जवळजवळ वर्तुळाकार फिरून पुन्हा मूळ जागी येतो. खोलीबरोबर ही वर्तुळे लहान होत जातात, आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ थांबते.

नेहमीच्या वाऱ्याने उठणारी लाट दर 6 सेकंदांनी येत असेल, तर तिची लांबी सुमारे 56 मीटर भरते. म्हणजे 28 मीटर खाली पाणी बहुतांशी स्वस्थ असते. योंगालाच्या तळाशी असलेल्या पाणबुड्याला तिची फारशी बाधा होत नाही. चक्रीवादळातून निघालेली लाट मात्र 12 सेकंदांच्या अंतराने येऊ शकते. खोल समुद्रात अशा लाटेची लांबी सुमारे 225 मीटर असते. ती 30 मीटर खोल पाण्यावरून जाऊ लागली, की पृष्ठभागावरील आंदोलनाचा निम्म्याहून अधिक भाग थेट तळापर्यंत पोहोचतो. तेथील पाणबुडा झोपाळ्यावर बसल्याप्रमाणे पुढे-मागे हेलकावतो आणि गंजलेल्या पोलादावर आपटण्याचा धोका उत्पन्न होतो.

धोका वर येतानाही असतो. दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून पाणबुडे पृष्ठभागाच्या 5 मीटर खाली सुमारे 3 मिनिटे थांबतात. नेमके याच थरात लाटेचे आंदोलन सर्वांत प्रबळ असते. त्यानंतर खाली-वर आदळणाऱ्या नौकेची शिडी पकडावयाची असते. अशा लांब लाटा उगमापासून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. म्हणून आकाश निरभ्र आहे, एवढ्यावरून समुद्र सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

गढूळ पाणी

वादळ ओसरल्यावरही पाणी लगेच निवळत नाही. लाटांनी ढवळलेली वाळू लवकर खाली बसते: एक दशांश मिलिमीटर व्यासाचा कण 30 मीटर अंतर सुमारे एका तासात उतरतो. परंतु दोन सहस्रांश मिलिमीटर व्यासाच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी, अगदी स्थिर पाण्यातही, सुमारे तीन महिने लागतील. खाऱ्या पाण्यात असे कण एकमेकांना चिकटून जड होतात, म्हणून प्रत्यक्षात इतका विलंब लागत नाही. तथापि वादळी पावसाने फुगलेली बर्डेकिन नदी जवळच समुद्रास मिळते, आणि तिचा मातकट प्रवाह पाण्यात नवी माती आणून टाकीत राहतो. अशा पाण्यात सोबतीचा पाणबुडा हाताच्या अंतरावर असूनही दिसेनासा होऊ शकतो.

हानी आणि लाभ

3 फेब्रुवारी 2011 रोजी ‘यासी’ हे अतितीव्र चक्रीवादळ मिशन बीच या गावाजवळ किनाऱ्यावर आले. योंगाला तेथून सुमारे 200 किलोमीटर दूर. तरीही तिच्यावरील प्रवाळांचा व स्पंजांचा थर ठिकठिकाणी खरवडला गेला. हा थर केवळ शोभेचा नव्हे. तो पोलादाचे गंजण्यापासून काही अंशी रक्षण करतो. तो गेला की सांगाडा दुबळा होतो.

जवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. 1985 पासून तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन 28 टक्क्यांवरून सुमारे 14 टक्क्यांवर आले होते, आणि या हानीपैकी 48 टक्के वाटा चक्रीवादळांचा होता.

पण वादळाची दुसरीही बाजू आहे. ते खालचे थंड पाणी वर आणते व ढगांनी सूर्यप्रकाश अडविते. अतिउष्ण पाण्यात प्रवाळ पांढरे पडून मरू लागतात. 2016 साली अशीच आपत्ती ओढवली असता ‘विन्स्टन’ वादळाच्या अवशेषांनी प्रवाळभिंतीचा दक्षिण भाग थंड केला आणि तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर वाचले. पुरेसा काळ मिळाल्यास तुटलेल्या फांद्यांतूनही नवे प्रवाळ वाढतात. दोन वादळांमधील अवकाश म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

1911 साली किनाऱ्यावर वार्ता होती, पण ती बोटीपर्यंत नेण्याचे साधन नव्हते. आज उपग्रह वादळाचा मार्ग कित्येक दिवस टिपत राहतात आणि लाटांचा अंदाज प्रत्येक नौकेवर पोहोचतो. तो अंदाज प्रतिकूल दिसताच अनुभवी नौकाचालक नांगर उचलीत नाही. दूरवरून आलेल्या प्रवाशाला त्या दिवशी हिरमुसले होऊन परतावे लागते; पण ज्या स्थळी तो जाणार होता, तेथेच न पोहोचलेल्या वार्तेची किंमत तळाशी पडलेली आहे.