छोले का शिजले नाहीत? आणि मी तीन गोष्टी एकदम कशा बदलल्या

मे महिन्याच्या सुट्टीत हातखंब्याला घरी होते. आजीला नवी कवळी बसलेली, त्यामुळे आठवडाभर पेज नि मऊ भात. कंटाळली होती बिचारी. म्हटलं, भाज्या आणि छोले घालून मसालेदार सूप करू. रात्रभर भिजवलेले छोले, लाल भोपळा, गाजर, टोमॅटो, चार आमसुलं, सगळं एकदमच कुकरला लावलं. आजीने सूप प्यायलं आणि छोले एकेक करून ताटलीच्या कडेला लावून ठेवले. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावरून नवं पाकीट आणलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला, आंबट काही घातलं नाही. छोले अगदी लोण्यासारखे! "सोड्याने काम केलं," मी जाहीर केलं.

आजी म्हणाली, "कशावरनं गो?"

व्हायवात येतो तोच प्रश्न. पाकीट, सोडा, आंबट, तीन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं?

आधी आत काय होतं ते बघू. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, दाणा मऊ पडतो. आम्ल असलं की पेक्टिन टिकून राहतं. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की भराभर तुटतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतात, म्हणून जड पाण्यात कडधान्य शिजायला वेळ लागतो. आमच्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा हलकंच, त्यामुळे पाण्यावर माझा संशय नव्हता. पाकिटावर मात्र होता. उष्ण, दमट हवेत कडधान्य महिनोन् महिने राहिलं की दाण्यातलं फायटेट हळूहळू तुटतं आणि त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होऊन पेक्टिनला जाऊन चिकटतं, असं एक स्पष्टीकरण आहे. कोकणातला एक अख्खा पावसाळा आमच्या जुन्या पाकिटाने डब्यात काढला होता.

मग एकाच कुकरमध्ये तीन वाट्या ठेवल्या. नव्या पाकिटातले भिजवलेले छोले, पाणी मोजून सारखं. एक वाटी साधी, एकीत आमसूल, एकीत सोडा. शिट्ट्या मोजल्या नाहीत. शिट्टी हे वेळेचं माप नाही, गॅस मोठा-बारीक केला की ती बदलते. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून घड्याळ लावून १५ मिनिटं. वाटी कसली ते न सांगता चुलतभावाला प्रत्येकीतले २० दाणे बोटाने दाबायला दिले. आमसुलाने दाणे लालसर झाले होते, म्हणजे बघितल्यावर त्याला कळलंच असतं. शेवटी डोळे मिटायला लावले.

साधे मऊ. आमसुलाचे कडक. सोड्याचे सालं सुटून पिठूळ. खालची वाटी आचेजवळ असते म्हणून दुसऱ्या दिवशी वाट्यांच्या जागा बदलून पुन्हा केलं, तेच आलं. मग जुन्या पाकिटातले छोले साध्या पाण्यात, तेवढाच वेळ: आतून टचटचीतच. म्हणजे माझ्या पहिल्या सुपात दोन गुन्हेगार होते, आणि नव्या छोल्यांना सोड्याची गरजच नव्हती.

आता सूप असं करते: वाटीभर नवे छोले ८ ते १० तास भिजवून साध्या पाण्यात आधी शिजवायचे. तेलात जिरं, दालचिनी, ठेचलेलं आलं-लसूण, हळद, धणेपूड, मिरपूड. त्यात भोपळा, गाजर परतून छोले पाण्यासकट ओतायचे. मूठभर छोले घोटून घातले की दाटपणा येतो. टोमॅटो आणि आमसूल भाज्या शिजल्यावर, शेवटची पाच-सात मिनिटं. मोरोक्कोच्या हरीरा सुपातही छोले-टोमॅटोची जोडी असते, तिथेही हाच क्रम सांभाळावा.

आजीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जुनं पाकीट अजून अर्धं शिल्लक आहे. भिजवायच्या पाण्यात मीठ असलं की सोडियम थोड्या कॅल्शियमची जागा घेतो, तेव्हा पुढच्या खेपेला ते मिठाच्या पाण्यात भिजवून बघणार. बाकी काहीही न बदलता.