कातळ, मांजऱ्या आणि छताखालचा माणूस

कोकणकड्यावर लोंबकळणाऱ्या गिर्यारोहकांचा व्हिडिओ पाहून चकलांब्याच्या (ता. गेवराई) एका वाचकाने दोन प्रश्न पाठवले आहेत. हरिश्चंद्रगडाचा हा कडा मधोमध आत का वळला आहे? आणि डोक्यावर दगडाचं छत असताना माणूस त्यावरून वर जातो कसा? दुसऱ्याचं उत्तर गणितात सापडतं. पहिल्यासाठी मात्र चकलांब्याच्याच एखाद्या विहिरीत डोकावलं तरी पुरे.

त्या भागात विहीर खणताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मग मांजऱ्या, मग कातळ. कातळ फोडून खाली गेलं की बऱ्याचदा पुन्हा मांजऱ्या, मध्येच एखादा तांबडा पट्टा. कुठे सुरुंग लागणार आणि कुठे पहारीवर भागणार, हे यारीवाल्याला शिकवावं लागत नाही. हे सगळे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे लोंढे, एकावर एक साचलेले. लोंढ्याच्या पोटातला रस सावकाश निवला आणि घट्ट कातळ झाला. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत गारा आणि इतर खनिजं भरली, तो मांजऱ्या. दोन लोंढ्यांमध्ये उसंत मिळाली तिथे उघडा पृष्ठभाग कुजला आणि तांबडा झाला.

चकलांब्यात ही चळत जमिनीखाली आहे. २०० किलोमीटर पश्चिमेला सह्याद्रीच्या धारेवर तीच उभी चिरलेली दिसते. पाऊस आणि वारा मांजऱ्याला आणि तांबड्या थराला लवकर खातात. वरचा कातळ मागे राहतो, अधांतरी, आणि त्याच्यातल्या उभ्या भेगा सुटेपर्यंत छत होऊन टिकतो. सुटला की खाली पायथ्याच्या बेलपाड्याच्या रानात घसाऱ्याची भर. भूशास्त्रज्ञांमधला एक मोठा गट तर म्हणतो की ही अख्खी धार मुळात समुद्रकाठची आहे. सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला तेव्हा ती किनाऱ्याजवळ होती आणि मग झिजत झिजत पूर्वेला सरकली. आज समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे. गडाच्या पूर्व अंगाचं पाणी मुळेत, मुळा प्रवरेत आणि प्रवरा गोदावरीत जाते. म्हणजे गेवराई तालुक्याची उत्तर सीमा धरून वाहणाऱ्या पाण्यात या कड्याच्या माथ्यावरचा पाऊसही असतो.

इथे विल्यम हेन्री साइक्सबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ट्रेकिंगच्या प्रत्येक माहितीत एक वाक्य ठरलेलं असतं: कर्नल साइक्सने १८३५ मध्ये कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलं. इंद्रवज्र म्हणजे खालच्या धुक्यावर आपल्याच सावलीभोवती दिसणारं पूर्ण गोल इंद्रधनुष्य. साइक्सने ते पाहिलं हे खरं, पण साल जुळत नाही. १८३१ मध्येच त्याने भारत सोडला होता. १८३५ हे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध छापला गेला ते वर्ष. मला जास्त खटकतं ते वेगळंच. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खन पालथा घालताना या माणसाने पक्षी नोंदले, वायुभार मोजला आणि या डोंगरांतले आडवे, सपाट, मैलोन्‌मैल चालणारे लाव्हाचे थर लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे मांडले. आपण लक्षात ठेवलं ते फक्त इंद्रधनुष्य.

आता छताखालचा माणूस. पारंपरिक पद्धतीच्या चढाईत, म्हणजे ट्रॅड क्लाइंबिंगमध्ये, खडकाला भोकं पाडायची नसतात. पुढे चढणारा भेगांमध्ये साधनं अडकवत जातो, त्यांतून दोर ओवतो, मागून येणारा ती काढून घेतो. साधी धातूची पाचर, ज्याला नट म्हणतात, भेग खाली निमुळती होत असेल तरच बसते. समांतर भेगेत, त्यातही छताच्या भेगेत, ती निसटते. तिथे लागतो ‘फ्रेंड’: स्प्रिंगने उघडणारे चार वक्र पाकळे. खेचलं की पाकळे फिरतात आणि दोन्ही भिंतींना रेटतात. दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना हातपाय रेटून वर चढणारं पोर याच तत्त्वावर टिकतं. भार खालच्या दिशेने असला तरी तोलतं ते बाजूचं रेटणं आणि घर्षण.

खरी गंमत पाकळ्याच्या आकारात आहे. तो लॉगरिदमिक सर्पिलाचा तुकडा असतो. हे वक्र केंद्रापासून निघणाऱ्या प्रत्येक रेषेला एकाच कोनात छेदतं, त्यामुळे भेग दोन बोटं रुंद असो की चार, पकड तितकीच. याकोब बर्नुली या गणितीला त्याचं इतकं वेड होतं की आपल्या थडग्यावर तेच कोरावं अशी त्याची इच्छा होती. १७०५ मध्ये तो गेला आणि बाझेलच्या पाथरवटाने कोरलं आर्किमिडीजचं सर्पिल, ज्याचा कोन सतत बदलतो! त्या आकाराचे पाकळे केले असते तर ते एकाच रुंदीला नीट बसले असते. सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव्हने बर्नुलीचं वक्र चढाईच्या साधनात आणलं. स्प्रिंगचे पाकळे ग्रेग लोवनेही आधी करून पाहिले होते. नाव झालं ते अमेरिकी अभियंता रे जार्डिनचं. त्याचे फ्रेंड्स १९७८ मध्ये बाजारात आले.

फ्रेंडचा कोन पावणेचौदा अंशांच्या आसपास असतो. हिशेब केला तर प्रत्येक भिंतीवरचा रेटा खेचीच्या साधारण दुप्पट येतो. पडणाऱ्या माणसाचा झटका ६०० किलोंच्या वजनाइतका धरला तर भेगेच्या प्रत्येक बाजूला १२०० किलो. इतका भार कातळ सोसतो. मांजऱ्याचा सुटा पापुद्रा, ज्याच्या मागे तांबडी माती आहे, तो भिंतीतूनच बाहेर येतो, साधनासकट. म्हणून परदेशी व्हिडिओ पाहून ‘फ्रेंड्स आले, आता बोल्ट कशाला’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. सह्याद्रीत मेखा आणि खडकाला भोक पाडून ठोकलेले एक्स्पान्शन बोल्ट दीर्घकाळ वापरात आहेत. त्यात चढणाऱ्याच्या भित्रेपणापेक्षा खडकाची जात अधिक बोलते.

छताखाली आणखी एक अडचण येते. उभ्या कड्यावर पाय बराच भार घेतात. छताखाली पावलांना दाबणारं वजनच उरत नाही, सगळं हातांवर. पण पडलाच तर आपटायला खाली काही नसतं, म्हणून तिरक्या कातळापेक्षा छतावरून पडणं पुष्कळदा सौम्य ठरतं, दोर आणि भेगेत अडकवलेली साधनं टिकली तर.

आणि छताखाली पाऊस येत नाही, हे गिर्यारोहकांच्या आधी आग्या मधमाश्यांनी हेरलं आहे. त्यांची मोहोळं अशाच जागी लटकतात, आणि त्यांच्यावर ना फ्रेंड चालतो ना बोल्ट. जाणती मंडळी आधी दुर्बिणीतून मोहोळं शोधतात आणि मग चढाईची वाट ठरवतात.